सँ-दनी : राजांची रिकामी थडगी

सँ-दनी हे पॅरिसच्या उत्तरेला लागून असलेलं गाव. फ्रान्सच्या राजांना इथल्या मोठ्या चर्चमध्ये पुरत. तिथे जायचं तर पॅरिसमधून मेट्रोची १३ नंबरची लाइन. ला फुर्श स्टेशननंतर या लाइनला दोन फाटे फुटतात. पाटी न वाचता गाडीत चढलात, तर जेनव्हिलिएच्या बाजूला पोहोचाल. 'सँ-दनी युनिव्हर्सिते' लिहिलेली गाडी घ्या आणि 'बाझिलिक द सँ-दनी'ला उतरा.

चर्चचं तोंड पश्चिमेला आहे. समोर उभं राहिलं की डावा मनोरा नाही, हे लगेच लक्षात येतं. १८३७ मध्ये त्याच्यावर वीज पडली. दुरुस्ती झाली, पण खालच्या जुन्या बांधकामाला वरचा भार पेलवेना. १८४५ च्या वादळानंतर तडे वाढले आणि अख्खा मनोरा दगड दगड करून उतरवावा लागला. आता तो पुन्हा बांधायचं काम सुरू आहे, त्यामुळे फोटोत परांची येणारच.

आत शिरल्यावर सरळ पूर्व टोकाला, वेदीमागच्या प्रदक्षिणामार्गावर जा. इथल्या मठाचा प्रमुख स्युजेर यानं बांधून घेतलेला हा भाग ११४४ मध्ये पवित्र केला गेला. गॉथिक वास्तुशैलीची सुरुवात सांगताना बोट इथेच ठेवतात. अर्धगोल कमान जितकी जास्त रुंद, तितकी जास्त उंच होते. प्रदक्षिणामार्ग वळतो तिथे खांबांमधली अंतरं कमीजास्त असतात, त्यामुळे अशा कमानींचे माथे एका पातळीत आणणं कठीण. टोकदार कमान मात्र हवी तेवढी उंच किंवा बसकी करता येते. छताचा भार दगडी बरगड्यांवरून खांबांवर उतरतो, मधल्या भिंतीवर फारसं ओझं राहत नाही आणि तिथे काच बसवता येते. एका खिडकीत मरियमेच्या पायाशी लोटांगण घातलेला एक साधू दिसेल. तो खुद्द स्युजेर. देणगीदाराची पाटी लावण्याची हौस तेव्हाही होतीच!

आता मान वर करा. वरचा भाग स्युजेरचा नाही. १२३१ पासून तो नव्यानं बांधला गेला. मोठ्या खिडक्यांखालच्या अरुंद सज्जाची मागची भिंत इतर चर्चमध्ये आंधळी असते, कारण तिच्यामागे बाजूच्या दालनाचं उतरतं छप्पर टेकलेलं असतं. इथे त्या छपराची घडण बदलून मागच्या भिंतीलाही काच लावली. मुख्य दालनातल्या काचा मात्र बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या आहेत.

मुख्य दालन विनाशुल्क बघता येतं. थडगी आणि तळघर यांना तिकीट आहे, आणि पैसे वसूल होतात ते इथेच. थडग्यांवर आडव्या निजलेल्या ७० हून अधिक मूर्ती आहेत. तेराव्या शतकात राजा नवव्या लुईच्या काळात, शतकांपूर्वी वारलेल्या राजाराण्यांच्या १६ मूर्ती एकदम घडवल्या गेल्या. म्हणून त्यांचे चेहरे तरुण आणि सारखेच. पाचव्या चार्ल्सची मूर्ती त्याच्या हयातीत, १३६४ नंतर, शिल्पकार बोनवनं घडवली. तिचं ठसठशीत नाक बघा, माणूस ओळखू येतो. नवव्या लुईचा भाऊ आंजूचा चार्ल्स, त्याच्या मूर्तीच्या हातात त्याचं हृदय आहे, कारण त्या थडग्यात फक्त हृदय पुरलं होतं. बाराव्या लुईच्या संगमरवरी प्रेतावर तर पोट शिवल्याचे टाकेही कोरलेत.

पण या मूर्तींखाली आज कोणी नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत, ऑक्टोबर १७९३ मध्ये, क्रांतिकारकांनी थडगी उघडली, शवपेट्यांचं शिसं गोळ्यांसाठी वितळवायला काढून घेतलं आणि अवशेष चर्चच्या उत्तरेला खड्ड्यांत चुना घालून टाकले. मूर्ती वाचल्या, कारण आलेक्सांद्र लनुआरनं त्या कलावस्तू म्हणून आपल्या संग्रहालयात नेल्या. पुढे राजेशाही परत आल्यावर राजा अठराव्या लुईनं ते खड्डे खणवले, तेव्हा कोणतं हाड कोणाचं हे सांगणं अशक्य होतं. सगळी एकत्र तळघरात ठेवली आहेत, बाहेर नावांच्या संगमरवरी पाट्या. क्रांतीत शिरच्छेद झालेले राजा सोळावा लुई आणि राणी मारी आंत्वानेत यांचे अवशेष २१ जानेवारी १८१५ ला इथे आणले. ते काळ्या फरशांखाली वेगळे आहेत. त्यांच्या मुलाचं हृदय डीएनए चाचणीनंतर २००४ मध्ये इथे ठेवलं गेलं.

तळघर शेवटीच बघा. वरच्या मूर्ती पाहिल्याशिवाय त्या पाट्यांवरची नावं नुसती यादी वाटतात. प्रदक्षिणामार्गाच्या काचांसाठी सकाळ उत्तम, पण रविवारी नको. तेव्हा सकाळी मिस्सा (चर्चची सामूहिक प्रार्थना) असते आणि थडग्यांचा भाग दुपारीच उघडतो.