चढणीचे मासे आणि ओस पडत चाललेली नदी

नमस्कार मंडळी. जून लागला की मला दोन गोष्टी येतात. एक, चढणीच्या माशांची रीलं. आणि दुसरी, "दादा, आमच्या नदीतले मासे गेले कुठे?" गंमत अशी की दुसऱ्याचं अर्धं उत्तर पहिल्यातच असतं.

प्रदूषणाचं पटकन उरकतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सांडपाणी आलं की पाण्यातला ऑक्सिजन घटतो. मरळ, मांगूर वर येऊन हवा घेतात म्हणून तगतात, बाकीचे गुदमरतात. झालं.

पण मला एक सांगा, जिथे एक कारखाना नाही, उन्हाळ्यात तळाचा गोटा न् गोटा दिसतो, तिथला महसीर का गेला? "पाणी साफ करा, मासे येतील" ही कमेंट वाचली की माझं डोकंच फिरतं. मेलेला मासा तरंगतो, त्याचा फोटो पेपरात येतो. जो जन्मालाच आला नाही, त्याचा फोटो कोण काढणार?

चढण म्हणजे काय? पहिल्या पुराला मासे ओढ्यात, भातखाचरात चढतात ते अंडी घालायला. फिरायला नाही! आणि नेमकं तेव्हाच ओढ्याच्या तोंडाला या काठापासून त्या काठापर्यंत जाळं. शिंगटी हातात धरलेली, पोट टम्म, दाबलं की गाभोळी, म्हणजे अंडी, बाहेर. खाली कमेंट, "एक नंबर भावा". आमचा मामाही बॅटरी घेऊन रात्री जायचा, पण कालवणापुरते मिळाले की जाळं गुंडाळायचा. आता पोती भरतात.

बरं, जाळं नाही असं धरू. मग बंधारा. केटी वेअरचे, म्हणजे कोल्हापुरी बंधाऱ्याचे, बरगे (पाणी अडवणाऱ्या काढता येणाऱ्या फळ्या) पावसाआधी काढायचे असतात. ते रखडले, तर पहिला पूर वरून जातो आणि मासा खाली भिंतीला धडका देत राहतो. मोठ्या धरणाला तर बरगेच नाहीत, तिथे विषय संपला. अहिराचं, म्हणजे त्या सापासारख्या लांब माशाचं, आणखी अवघड. तो अंडी घालायला समुद्रात उतरतो आणि त्याची बोटभर पिल्लं नदी चढून वर येतात. म्हणजे वाट दोन्हीकडून मोकळी हवी.

आणि समजा, चढला. पोचला. वर गोटेच नाहीत! महसीरची अंडी गोट्यांच्या फटीत, वाहत्या पाण्यात पडतात. वाळू-गोटे जेसीबीने उचलले की उरतो गाळ, आणि गाळात अंडं गुदमरतं. पाणी बाटलीत भरून पिण्याइतकं साफ असलं तरी.

इथे हमखास एकजण लिहितो, "मत्स्यबीज सोडा ना." सोडतातच की! पण काय सोडतात? कटला, रोहू, मृगळ. हे मूळचे गंगेकडचे, कृष्णा-भीमेचे नव्हेत. तलावात, जलाशयात ठीक आहे, मच्छीमाराचं पोट भरतं. पण त्याला नदी वाचवणं म्हणू नका.

"आमच्याकडे मासे आहेत की!" म्हणणाऱ्यांनो, जाळ्यात बघा. चिलापी, म्हणजे तिलापिया. 1952 साली भारतात आणलेला मासा. मादी अंडी तोंडात सांभाळते. तिला ना चढण लागते, ना गोटे. आपण नदीचं जे काही केलंय, ते तिला मानवतं. आणि आधी काय होतं? 1839 साली कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने डेक्कन महसीरची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेतल्या माशावरून. म्हणजे पुण्याच्या नदीत महसीर होता. विश्वास बसतो?

महसीर बघायचाच तर महाडजवळ वाळणकोंडीला जा. देवीचे मासे म्हणून तिथे कोणी हात लावत नाही.

"मग खायचेच नाहीत का?" येणारच हा प्रश्न. खा हो, मीही खातो. फक्त पहिल्या पुराला ओढ्याचं तोंड सोडा. जाळं लावायचंच तर अर्ध्या पात्रात लावा आणि गाभोळीवाली दिसली तर परत टाका.

आता एक काम. तुमच्या गावच्या बंधाऱ्याचे बरगे यंदा कधी निघाले? नदीचं नाव आणि तारीख खाली लिहा. ज्यांच्याकडे निघालेच नाहीत त्यांनी फोटो टाका, पुढचा व्हिडिओ त्यावरच करतो.