ढगात शिरल्यावर कोणाचं ऐकायचं?

आत्ता या फिरत्या खुर्चीवर बसलेल्या मुलाला तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. डोळ्यांवर पट्टी, दोन्ही अंगठे वर. खुर्ची उजवीकडे फिरवली, तसे त्याने अंगठे उजवीकडे कलवले. बरोबर होतं ते. वीसेक सेकंदांनी खुर्ची त्याच वेगाने फिरत असताना त्याचे अंगठे सरळ झाले, कारण त्याच्या मते खुर्ची थांबली होती. मग मी ती खरोखर थांबवली आणि त्याने छातीठोकपणे अंगठे डावीकडे वळवले. तुम्ही हसलात, पण या मुलाचं काही चुकलं नाही. त्याच्या कानाने जे सांगितलं तेच त्याने दाखवलं. तुमच्यापैकी कोणीही बसलं असतं तरी हेच झालं असतं. मी बसले तरी हेच होतं, आणि मी गेली कित्येक वर्षं विमान चालवायला शिकवते आहे.

आपल्या कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव मागे रेंगाळतो, त्याने आतले बारीक केस वाकतात आणि मेंदूला कळतं की आपण वळतोय. वळण एकाच वेगाने चालू राहिलं की थोड्या वेळात द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो. केस सरळ होतात, वळण्याची जाणीव संपते. थांबलात की द्रव पुढे वाहत राहतो आणि उलटं वळण जाणवतं. फार हळू वळलात, सेकंदाला दोन अंशांपेक्षा कमी, तर मुळात काही जाणवतच नाही. जमिनीवर चालणाऱ्या प्राण्याला एवढं पुरतं, कारण डोळे उघडे असतात आणि क्षितिज दिसत असतं. ढगात क्षितिज नसतं.

आता खुर्चीच्या जागी विमान ठेवा. ढगात एक पंख हळूहळू खाली गेला, वैमानिकाला कळलं नाही. विमान वळू लागलं, नाक खाली झुकलं, वेग वाढला. वैमानिकाला वाटतं, आपण सरळच आहोत, फक्त उंची कमी होतेय. म्हणून तो कंट्रोल मागे ओढतो. विमान वळणात असल्यामुळे त्या ओढण्याने वळण अधिक आवळतं आणि घसरण वाढते. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांना, बाहेरचं काही दिसणार नाही अशा अवस्थेत, विमान सांभाळायला दिलं होतं. सोबत अर्थातच प्रशिक्षक होते. विसाच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंही नाहीत. आमच्या क्षेत्रात हा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि असायलाच हवा.

यावरचा उपाय त्याच्या पाव शतक आधीच सापडला होता. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवरून जिमी डूलिटल यांनी कॅनव्हासच्या आच्छादनाखाली बसून, बाहेरचं काही न पाहता, उड्डाण केलं, फेरी मारली आणि विमान पुन्हा तिथेच उतरवलं. पुढच्या कॉकपिटमध्ये दुसरा वैमानिक होता, पण त्याला हात लावावा लागला नाही. डूलिटल यांच्यासमोर जायरोवर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चक्रावर, चालणारं आणि विमान किती कललंय ते दाखवणारं कृत्रिम क्षितिज होतं, दिशा दाखवणारा जायरो होता, अचूक उंचीमापक होता. आजच्या छोट्या विमानातली उपकरणं त्याच घराण्यातली आहेत.

पारंपरिक पॅनलवर मुख्य सहा तबकड्या असतात. वरच्या ओळीत वेग, कृत्रिम क्षितिज, उंची. खालच्या ओळीत वळणाचा दर आणि त्याखाली विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारा छोटा बॉल, मग दिशा, मग चढ-उताराचा दर. विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर फॉगल्स किंवा हूड असतं, म्हणजे समोरची काच झाकलेली आणि फक्त पॅनल दिसणारं. पहिल्या दहा तासांत जवळजवळ प्रत्येकाची एकच चूक होते. एखादा काटा हवा तिथून सरकला की नजर तिथेच खिळते. उंची शंभर फुटांनी गेली, तो उंचीमापकाकडे टक लावतो, तेवढ्यात दिशा वीस अंश सरकते. नजर फिरती ठेवणं, ज्याला आम्ही स्कॅन म्हणतो, ते वाचून येत नाही. क्षितिज, दिशा, क्षितिज, उंची, क्षितिज, वेग. पुन्हा पुन्हा मध्यावर परतायचं. पोळी लाटताना नजर लाटण्यावर, हात कडेवर आणि कान तव्याकडे असतो ना, तसा हा सराव अंगात मुरावा लागतो.

‘उपकरणांवर विश्वास ठेवा’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मी ते माझ्या विद्यार्थ्यांना इतक्या साध्या रूपात कधीच सांगत नाही. का, ते मुंबईकरांना माहीत असायला हवं.

१ जानेवारी १९७८. सांताक्रूझहून एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ रात्री दुबईला निघालं. विमानात २१३ माणसं होती. उड्डाणानंतर उजवीकडे वळण घेतलं, पंख पुन्हा सरळ केले, पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज उजव्या कलावरच अडकून राहिलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, बाहेर आधाराला एक रेषा नाही. कॅप्टनने आपल्या समोरच्या काट्यावर विश्वास ठेवला आणि विमान डावीकडे कलवत नेलं. उड्डाणाच्या १०१ सेकंदांनंतर ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कोसळलं. कोणी वाचलं नाही. त्या कॉकपिटमध्ये क्षितिज दाखवणारी आणखी उपकरणं होती, आणि फ्लाइट इंजिनियरने तिकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्नही केला होता. वेळ फार थोडा होता.

म्हणून आमच्याकडे शिकवायचं ते असं: एकट्या काट्याची साक्ष धरायची नाही. क्षितिज म्हणतंय उजवीकडे कललोय, तर दिशा बदलतेय का? वळणाचा काटा हललाय का? दोघं नाही म्हणत असतील तर क्षितिज खोटं बोलतंय. प्रशिक्षणात आम्ही मुद्दाम कृत्रिम क्षितिज आणि दिशेचा जायरो झाकून टाकतो आणि उरलेल्यांवर विमान चालवायला लावतो. याला पार्शल पॅनल म्हणतात. घामाघूम होतात मुलं. पण एकदा जमलं की त्यांच्या बोलण्यातही फरक पडतो. ‘मला वाटतं’ ऐवजी ‘हे दोघं असं दाखवताहेत’ असं बोलू लागतात.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. दोन इंजिनांचं हलकं विमान, आमच्या भाषेत ट्विन. मी स्वतः पायपर सेनेका टू वर शिकले. प्रत्येकी २०० अश्वशक्तीची दोन इंजिनं, सहा आसनं, पूर्ण वजन दोन टनांच्या किंचित वर. आता अनेक ठिकाणी डिझेल इंजिनांची, पडद्यांच्या कॉकपिटची डायमंड डीए ४२ विमानं आहेत, पण धडा तोच.

पालक मला विचारतात, दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षित ना? एक गेलं तरी दुसरं आहे. ऐकायला पटणारं आहे, म्हणून हिशेब नीट पाहू. सेनेका टूच्या पुस्तिकेप्रमाणे दोन्ही इंजिनांवर, समुद्रसपाटीला, विमान मिनिटाला साधारण १,३४० फूट चढतं. एका इंजिनावर साधारण २२५ फूट. शक्ती निम्मी गेली, पण चढण्याची क्षमता ऐंशी टक्क्यांहून जास्त गेली. कारण सोपं आहे. विमानाला नुसतं सरळ उडत राहायलाच बरीचशी शक्ती लागते, चढायला वापरतो ती वरची शिल्लक. पगार निम्मा झाला तर घरखर्च निम्मा होत नाही, आधी बचत जाते. तसंच हे. आणि हे आकडे नव्या विमानाचे, १५ अंश तापमानाचे. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजार फुटांहून उंच, आणि मे महिन्यात तिथे पारा ४४-४५ वर जातो. त्या दुपारी ते २२५ फूट शोधावे लागतात.

दुसरी अडचण त्याहून तातडीची. इंजिनं पंखांवर आहेत. डावं बंद पडलं की उजवं विमानाला डावीकडे ढकलतं. ते रोखायला उजव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूचं पेडल, दाबायचं. रडरची ताकद वेगावर अवलंबून असते. वेग एका मर्यादेखाली गेला की पूर्ण रडर दाबूनही विमान सरळ राहत नाही, ते वळतं आणि पाठीवर पलटतं. ती मर्यादा वेगमापकावर लाल रेषेने दाखवलेली असते. सेनेका टूवर ६६ नॉट, म्हणजे ताशी ६६ नाविक मैल. एका इंजिनावर सर्वांत चांगलं चढण्याचा वेग निळ्या रेषेने, ८९ नॉट. एका इंजिनावर असताना लक्ष निळ्या रेषेवरून हटू द्यायचं नाही. सेनेकाचे दोन पंखे, म्हणजे प्रोपेलर, विरुद्ध दिशांना फिरतात म्हणून कुठलंही इंजिन गेलं तरी त्रास सारखाच. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरणाऱ्या बहुतेक ट्विन्समध्ये डावं जाणं जास्त वाईट.

हे सगळं ढगात झालं तर? कोणतं इंजिन गेलं हे कसं कळणार? सर्वांना वाटतं, इंजिनाचे काटे सांगतील. इथेच मोठी फसवणूक आहे. बंद इंजिनाचा पंखा समोरच्या वाऱ्याने फिरत राहतो, त्यामुळे फेऱ्यांचा काटा पडत नाही. मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, दाबही बऱ्यापैकी दिसतो. मग आम्ही पायाला विचारतो. दिशा धरून ठेवायला उजवा पाय जोर लावतोय, डावा मोकळा आहे, म्हणजे डावं इंजिन गेलं. मोकळा पाय, मेलेलं इंजिन. मला हे नेहमी विलक्षण वाटतं. ज्या शरीरावर ढगात विश्वास ठेवू नका असं आम्ही सांगतो, त्याच शरीराचा एक अवयव इथे साक्षीदार होतो. पण त्याची साक्ष चालते ती दिशेचा काटा त्याला कामाला लावतो म्हणून.

पण पायाच्याही एकट्या साक्षीवर इंजिन बंद करायचं नाही. जे गेलं असं वाटतंय त्याचं थ्रॉटल, म्हणजे शक्ती कमी-जास्त करणारं लिव्हर, हळू मागे ओढायचं. काही फरक पडला नाही तर ते खरंच गेलेलं आहे. विमानाने हिसका दिला तर थांबा, तुम्ही चालू इंजिनावर हात ठेवलाय. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानाचं उजवं इंजिन उड्डाणानंतर लगेच निकामी झालं आणि कॅप्टनने डावं, चांगलं इंजिन बंद केलं. ५८ पैकी ४३ जण गेले. अनुभवी माणसाच्या हातून झालं हे. माझ्या स्वतःच्या प्रशिक्षणात, फॉगल्स घातलेले असताना, माझा हात चुकीच्या लिव्हरकडे गेला होता आणि माझ्या सरांनी मनगट धरून तो थांबवला. ते एक शब्द बोलले नाहीत. आज विद्यार्थ्याचा हात लिव्हरकडे निघाला की माझा हात आपोआप वर येतो.

खात्री झाली की पंखा फेदर करायचा, म्हणजे पाती वाऱ्याला समांतर करायची, नाहीतर तो फिरता पंखा ताटासारखा वारा अडवतो. आणि यात रेंगाळून चालत नाही. फेऱ्या मिनिटाला साधारण ८०० च्या खाली गेल्या की आतल्या खिळ्या अडकतात आणि पंखा फेदर होतच नाही. या खिळ्या बसवल्यात त्या जमिनीवर रोज इंजिन बंद करताना पाती फिरून बसू नयेत म्हणून. म्हणजे घाई करायची नाही आणि उशीरही करायचा नाही. मूळ इंग्रजीतली आमची त्रिसूत्री मराठीत सांगायची तर ओळख, पडताळ, फेदर. प्रत्येक शब्दामध्ये एक श्वास.

सरावात आम्ही थ्रॉटलवर नकाशा किंवा चेकलिस्ट आडवी धरतो आणि तिच्याआड एक लिव्हर मागे घेतो, म्हणजे विद्यार्थ्याला कोणतं ते दिसत नाही. इंजिन प्रत्यक्ष बंद करून फेदर करायचं ते भरपूर उंचीवर, विमानतळ हाताशी ठेवून. इथे विद्यार्थ्याला आणखी एक चित्र मोडावं लागतं. इतके तास त्याला सांगितलेलं असतं की पंख सरळ आणि बॉल मध्यावर म्हणजे सगळं ठीक. एका इंजिनावर मात्र चालू इंजिनाच्या बाजूला दोन-तीन अंश कल आणि बॉल किंचित त्याच बाजूला, हे बरोबर असतं. चुकीचं दिसणारं चित्र बरोबर म्हणून धरून ठेवायचं, आणि त्याच वेळी आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ संकेतांवर, उतरायचं. तीन अंशांचा उतार, ९० नॉटला मिनिटाला साधारण ४८० फूट. खाली २०० फुटांवर निर्णय: धावपट्टी दिसली तर उतरा, नाही तर पुन्हा वर. एका इंजिनावर, चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) खाली असताना ‘पुन्हा वर’ म्हणजे काय, हे आता तुम्हाला कळलं असेल. म्हणून चाकं कधी खाली करायची याचा विचार पाच मैल आधीच झालेला असावा लागतो.

आपल्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, म्हणजे फक्त उपकरणांवर उडण्याच्या परवान्यासाठी, ४० तास लागतात, त्यातले २० पर्यंत सिम्युलेटरवर चालतात. पालकांना माझी विनंती आहे, संस्था निवडताना त्यातले ट्विनवरचे किती, आणि खऱ्या ढगातले किती, हे विचारा. फॉगल्सच्या कडेतून उजेडाची, सावलीची थोडी चाहूल लागतेच. ढगात ती लागत नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना एका विद्यार्थ्याला पहिल्यांदा खऱ्या ढगात नेलं. साधा, पांढरा, बिनगडगडाटाचा थर. एका वळणातून सरळ झालो आणि काही सेकंदांत त्याचा आवाज बदलला. “मॅम, आपण डावीकडे वळतोय.”

मी म्हटलं, “समोर काय आहे ते मोठ्याने वाच.”

“क्षितिज सरळ. दिशा दोनशे सत्तर, स्थिर. वळणाचा काटा मध्ये. बॉल मध्ये.”

“आणि तू?”

“मी अजून वळतोय, मॅम.”

“वळू दे. उंची बघ, साठ फूट खाली आलोयस.”