कपाटातला कॅमेरा बाहेर काढा

(दृश्य: अंधारी खोली. टेबलावर दोन लेन्स. एकीच्या मागून टॉर्चचा उजेड.)

ही लेन्स पाटण तालुक्यातून आली आहे. टॉर्च मागून मारला की काचेच्या कडेने आत शिरलेले पांढरे धागे दिसतात. ही बुरशी. दुरुस्ती करणारे तिला फंगसच म्हणतात. आणि ही दुसरी लेन्स म्हसवडची. काच लख्ख आहे, धागा औषधालाही सापडणार नाही. पण फोकसची रिंग फिरवा. आत करकर वाजतं. रिंगच्या आट्यांत माणदेशची धूळ जाऊन बसली आहे.

सातारा जिल्हा एकच. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पूर्वेला माण तालुक्यात त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. जुने कॅमेरे गोळा करायला लागलं की हा फरक लेन्सच्या आत दिसतो. कॅमेरा कुठल्या गावात, कुठल्या कपाटात पडून होता, हे तो स्वतःच सांगतो.

मला सांगायचं आहे ते एवढंच, की जुना कॅमेरा जपायचा असेल तर तो वापरावा लागतो. आपल्याकडच्या हवेत शोकेसमध्ये मांडून ठेवलेला कॅमेरा बाहेरून चकचकीत राहतो आणि आतून हळूहळू मरतो.

(दृश्य: मोती चौक, दुकानांच्या पाट्या. मग एका घरातली लोखंडी ट्रंक उघडताना.)

हे कॅमेरे आपल्याकडे आले कसे? काही स्टुडिओंतून. काही फौजेतून रजेवर येणाऱ्यांच्या ट्रंकेतून. जावळी-पाटणची कितीतरी माणसं मुंबईला माथाडीत, गिरणीत होती, त्यांच्या सामानातून काही आले. १९९१ पर्यंत परदेशी माल आणण्यावर कडक बंधनं होती. जपानी कॅमेरा म्हणजे मोठी चीज. त्यामुळे ज्या घरात तो होता, त्या घरात तो जपला गेला. चामड्याच्या कव्हरात घालून, फडक्यात गुंडाळून, कुलपात. आणि नेमकं तेच त्याला बाधलं. ते कसं, हे पुढे येईलच.

पण बहुतेक घरांत होता तो हा. आगफा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आगफाच्या परवान्याने बनवलेला प्लास्टिकचा डबा. शटर म्हणजे उजेड क्षणभर आत सोडणारी झडप, तिचा वेग एकच. बाकी उन्हाचं चिन्ह आणि ढगाचं चिन्ह. रोल १२० नंबरचा, रुंद, त्यावर चौकोनी १२ फोटो. मागे लाल काचेची खिडकी, त्यातून रोलच्या कागदावरचा आकडा बघत किल्ली फिरवायची. काळ्या पानांच्या अल्बममध्ये त्रिकोणी कोपऱ्यांत अडकवलेले ते छोटे चौकोनी फोटो तुमच्याही घरी असतील. पाळण्यातलं मूल, अंगणातली आजी, प्रतापगडाच्या पायरीवर रांगेने बसलेली सहलीची पोरं.

या कॅमेऱ्याला बाजारात फारशी किंमत नाही. मला मात्र तो फार मोलाचा वाटतो. १२० चा रोल कोडॅकने १९०१ मध्ये आणला, आणि तो आजही बनतो, आजही मिळतो. म्हणजे तुमच्या आजोबांच्या क्लिक थ्रीचं शटर उडत असेल, तर त्यात आज रोल भरून फोटो काढता येतो. पन्नास वर्षांपूर्वीचं विजेवरचं कुठलंही यंत्र घरात काढून बघा, त्याचा सुटा भाग कुठे मिळतो का ते. क्लिकला तर बॅटरीही लागत नाही.

(दृश्य: झेनिट कॅमेरा, जवळून. लेन्सवरची अक्षरं.)

आता हा झेनिट ई. १९६५ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बनलेला. हातात घेतल्याबरोबर वजन कळतं. रशियन माल रुपयाच्या व्यवहारात यायचा, म्हणून तो आपल्याकडे पोचला. वर बारीक बुबुळांसारख्या टिपक्यांची ही पट्टी दिसते ना, ती उजेड मोजणाऱ्या मीटरची, सेलेनियमची. तिच्यावर उजेड पडला की ती स्वतःच किंचित वीज तयार करते आणि काटा हलतो. विकत घेताना हा काटा आधी पाहायचा. तळहाताने पट्टी झाकली की काटा खाली यायला हवा, हात काढला की वर. काटा मेला असेल तरी कॅमेरा चालतो, फक्त उजेडाचा अंदाज आपण करायचा.

अंदाजाचा नियम जुना आहे. लख्ख ऊन असेल तर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक, आकडा मोठा तितकं ते लहान) १६, आणि शटरचा वेग रोलच्या संवेदनशीलतेच्या आकड्याजवळचा. ४०० चा रोल असेल तर १/५००. ढग आले की अ‍ॅपर्चर ८ पर्यंत उघडायचं. श्रावणात यवतेश्वरच्या घाटात उभं राहिलात तर दहा मिनिटांत हे तीनदा बदलावं लागतं, आणि मीटरशिवाय उजेड वाचायला माणूस तिथेच शिकतो.

झेनिटवर येणारी लेन्स हेलिओस ४४-२. ५८ मिलिमीटर, अ‍ॅपर्चर २. मूळ आराखडा जर्मनीच्या कार्ल झाइसच्या बायोटार लेन्सचा. महायुद्धानंतर तो रशियनांच्या हाती गेला आणि त्यांनी ही लेन्स प्रचंड संख्येने काढली. पुढे दोन रिंगा आहेत. पहिली कट्-कट् वाजत आकड्यावर बसते. दुसरी मुकाट फिरते. पहिलीवर हवं ते अ‍ॅपर्चर लावून ठेवायचं, लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोकस करायचा, आणि फोटो घेण्याच्या क्षणी दुसरी रिंग अडेपर्यंत फिरवायची. नजर न हलवता, बोटाने. आत पाहिलंत तर आठ पात्यांचं भोक मिटताना दिसतं.

ही लेन्स जगभर ओळखली जाते ती तिच्या मागच्या धूसर भागासाठी. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, माणूस दीड-दोन मीटरवर आणि मागे पानांतून झिरपणारा उजेड असला, की ते उजेडाचे ठिपके कडेला लंबगोल होतात आणि सगळी पार्श्वभूमी माणसाभोवती गरगर फिरल्यासारखी वाटते. जावळी तालुक्यातल्या म्हसव्याच्या वडाखाली हे जसं दिसतं, तसं मला दुसरीकडे दिसलं नाही. मागे पारंब्या, वर पानांची चाळण. कासच्या पठारावर मात्र हीच लेन्स अडते. अर्ध्या मीटरहून जवळचं तिला दिसत नाही, आणि सीतेची आसवं तर बोटाच्या पेरापेक्षा लहान. तिथे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये रिकामी रिंग घालून ती पुढे सरकवावी लागते.

(दृश्य: एमआयडीसीतलं छोटं वर्कशॉप. लेथवर फिरणारा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब.)

या रिंगा साताऱ्याच्या एमआयडीसीत बनून मिळाल्या. हेलिओसच्या मागचे आटे ४२ मिलिमीटर व्यासाचे आणि १ मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांमध्ये १ मिलिमीटर अंतर. टर्नरने माप बघितलं आणि म्हणाला, "हे तर सरळ माप आहे, यात अवघड काय?" गाड्यांचे सुटे भाग काढणाऱ्या लेथवर कॅमेऱ्याची रिंग सहज उतरली. शेजारच्या कोल्हापुरात १९१८ च्या सुमाराला बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला होता. या भागातल्या कारागिरांच्या हाताला हे काम परकं नाही.

हीच लेन्स आजच्या डिजिटल मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावरही बसते. ४२ मिलिमीटर आट्यांच्या लेन्सला फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं. सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यात ते अंतर १८ मिलिमीटर. उरलेली साडेसत्तावीस मिलिमीटरची जागा अ‍ॅडॅप्टर भरून काढतो. अ‍ॅडॅप्टर जराही लांब झाला तर लांबचा डोंगर फोकसमध्ये येत नाही. म्हणून अजिंक्यताऱ्यावर जाऊन समोरच्या डोंगरावर फोकस करून बघायचा. जुन्या निकॉन डीएसएलआरवर (आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर) मात्र ही लेन्स घेऊ नका. तिथे अंतर ४६.५ मिलिमीटर, म्हणजे आधीच जास्त. मध्ये जादा काच घातल्याशिवाय लांबचं काही स्पष्ट येणार नाही.

(दृश्य: कोरेगावातलं एक घर. भिंतीवर लग्नांचे फोटो. यासिका मॅट.)

कोरेगावच्या या काकांचा स्टुडिओ केव्हाच बंद झाला. कॅमेरा आहे, यासिका मॅट १२४ जी. हे मॉडेल १९७० ते १९८६ बनत होतं. एकावर एक दोन लेन्स. वरच्या लेन्सने बघायचं, खालचीने फोटो. वरून मान खाली घालून काचेत पाहावं तर नवरा-नवरी डाव्या-उजव्या बाजूंनी उलटे दिसतात. एका रोलचे फोटो १२. लग्नाला दोन रोल. अंतरपाट धरल्यापासून वरात निघेपर्यंत सगळं त्या चोवीस फोटोंत बसवायचं.

"काका, अजून चालतो का?" मी विचारलं.

ते काहीच बोलले नाहीत. वेग १ सेकंदावर लावला आणि बटण दाबलं. सर्रर्र... टक्.

"ऐकलंस? दर पंधरा दिसांनी सगळं वेग एकेकदा वाजवायचं. यंत्र हाय हे. फिरवलं न्हाय तर आखडतंच."

काकांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. शटरच्या आत संथ वेगांसाठी छोट्या दात्यांची चक्रं असतात. वर्षानुवर्षं पडून राहिलं की त्यांच्यावरचं वंगण घट्ट होतं, आणि एका सेकंदाचा वेग मध्येच अडकतो. १/५०० वर चालणारा कॅमेरा १ सेकंदावर अडकला, तर आतलं वंगण सुकलंय समजावं. जुना कॅमेरा घेताना म्हणूनच कानाने तपासायचा. सगळ्यात संथ वेगापासून सुरुवात करायची.

सत्तरीतल्या जपानी कॅमेऱ्यांचं आणखी एक दुखणं. मागच्या झाकणाच्या खाचेत उजेड अडवायला काळा फोम लावलेला असतो. त्याला बोट लावा, काळा चिकट डांबरासारखा लगदा हाताला येतो. तो स्पिरिटने, टूथपिकने उकरून काढायचा आणि खाचेत काळी लोकर किंवा मखमलीची पट्टी चिकटवायची. तासाभराचं काम, आणि कॅमेरा पुन्हा रोल भरण्याजोगा होतो.

(दृश्य: धुवांधार पाऊस. बामणोलीच्या बाजूचा रस्ता, ओल आलेल्या भिंती.)

आता बुरशी. तिचे कण हवेत सगळीकडेच असतात. म्हसवडच्या लेन्सवरही होते. त्यांना रुजायला ओल हवी. हवेतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांवर टिकून राहिली, वारा-उजेड नसला, काचेवर धूळ किंवा बोटाचा तेलकट डाग असला, की धागे फुटतात. चामड्याचं कव्हर पावसाळ्यात ओल शोषून घेतं आणि ती लेन्सभोवती धरून ठेवतं. ज्यांनी सर्वांत जास्त जपलं, त्यांच्याच लेन्समध्ये बुरशी जास्त का, याचं उत्तर त्या कव्हरात आहे. कव्हर कितीही सुंदर असलं तरी कॅमेरा त्यात ठेवू नका. दोन्ही वेगळे ठेवा.

बुरशी वाढताना आम्लं सोडते. ती काचेवरचा लेप खातात, पुढे काचही. सुरुवातीची बुरशी पुसली जाते. जुनी पुसली तरी काचेवर धाग्यांची नक्षी कायमची राहते. थोडी बुरशी असली तर साध्या उजेडात फोटोत काही कळत नाही. उन्हाकडे तोंड करून फोटो काढला की मात्र सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा येतो. उन्हात ठेवल्याने वाढ थांबायला मदत होते. आलेले धागे उन्हाने जात नाहीत, त्यासाठी लेन्स उघडावी लागते, आणि ते काम जाणत्या हातानेच करावं.

ठेवायचं कसं? घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. निळं जेल गुलाबी झालं की ते भरलं. तापवलं की पुन्हा निळं होतं. निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, तो विषारी. म्हणून स्वयंपाकाचं भांडं वापरू नका आणि पोरांच्या हाती लागू देऊ नका.

पण डबा हा दुसरा उपाय. पहिला उपाय कॅमेरा बाहेर नेणं. उजेड, वारा, फिरती रिंग, उडणारं शटर.

(दृश्य: न्हाणीघर. डेव्हलपिंग टाकी, थर्मामीटर, दोरीला लटकवलेली निगेटिव्ह.)

रोल महाग झाले आहेत, हे खरं. एकेकाळी उटीच्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल मिळायचा. १९६० मध्ये उभी राहिलेली ती कंपनी आता बंद आहे, आणि रोल बाहेरूनच येतात. म्हणून धुण्याचा खर्च तरी वाचवावा. कृष्णधवल रोल घरी धुता येतो. अंधारात रोल टाकीच्या चक्रीत भरायचा, झाकण लावलं की पुढचं सगळं दिवे लावून. पाणी २० अंशांचं हवं. डिसेंबरात साताऱ्यात त्यासाठी फार खटपट लागत नाही, मे महिन्यात बर्फ लागतो. एचपी५ या कृष्णधवल फिल्मचा रोल चित्र उमटवणाऱ्या डी-७६ या रसायनात, ते पातळ न करता, साडेसात मिनिटं, मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग भरपूर पाणी. ओली निगेटिव्ह उजेडाला धरून पहिल्यांदा बघण्यात जो आनंद आहे, तो मला कुठल्याही महागड्या लेन्सने दिलेला नाही.

किमतीवरून एक सावधगिरी. जुन्या बाजारात सोनेरी मुलाम्याचा, जर्मन चिन्हं कोरलेला 'लायका' कुणी पुढे केला, तर तो बहुधा सोव्हिएत फेड किंवा झोर्की असतो, वरून नाव बदललेलं. फेड म्हणून घ्या, चांगला कॅमेरा आहे. लायकाचे पैसे देऊ नका.

आणि मिरगाच्या आधी एवढं करा. घरातला कॅमेरा कव्हरातून काढा. मागचं झाकण उघडा, आत रोल नाही ना बघा. वेग 'बी' वर लावून (बटण दाबलेलं असेतो शटर उघडं राहतं), बटण दाबून धरून लेन्समधून खिडकीकडे पाहा. मग सगळे वेग एकेकदा वाजवा. बंद झालेल्या स्टुडिओत एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र, पडून असेल तर किलोच्या भावाने भंगारात घालू नका. साताऱ्यात, कराडला, फलटणला रोल धुणारी पोरं माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्याकडे निगेटिव्ह साठल्या आहेत, आणि कागदावर छापायला एन्लार्जर मिळत नाही.