‘एवढं जरा करून द्या ना’ : डिझायनरचं कोटेशन कसं असावं

फ्रीलान्स डिझायनरकडे फुकटचं काम बहुतेक वेळा ‘एवढं जरा करून द्या ना’ असं म्हणत येतं. मागणाऱ्याच्या मनात खोट असतेच असं नाही. कोटेशनवर ‘लोगो आणि ब्रोशर, रु. १८,०००’ एवढीच ओळ असेल, तर चौथा पर्याय, सहावी दुरुस्ती, व्हॉट्सॲप डीपीचा वेगळा आकार हे सगळं त्या अठरा हजारांतच बसतं असं त्याला वाटणारच. त्यामुळे आज नकार कसा द्यायचा यापेक्षा कोटेशन कसं लिहायचं यावर जास्त बोलू.

लोगोचे पर्याय तीन, दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, असा आकडा घाला. मग फेरी म्हणजे काय तेही लिहा: सगळ्या सूचना एकत्र, लेखी आणि एकाच माणसाकडून. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. दुकान घरचं असलं की वडील, मुलगा आणि भागीदार तिघंही व्हॉइस नोट पाठवतात; काल लाल हवा होता तो आज हिरवा होतो. अंतिम मान्यता कोणाची, ते नाव कोटेशनमध्येच असू द्या. व्हॉइस नोट आली तर सूचना टाइप करून परत पाठवा आणि ‘बरोबर’ असं उत्तर आल्याशिवाय फाइल उघडू नका. रंगाची छटा, अक्षराचा आकार, मजकुरातली एखादी ओळ ही दुरुस्ती. मान्य झालेली कल्पनाच बदलणं किंवा ब्रोशरची चार पानं वाढवणं हे नवं काम, त्याचा दर वेगळा.

फेऱ्या संपल्या की निरोप छोटा ठेवा: “दादा, ठरलेल्या दोन फेऱ्या झाल्या. पुढची फेरी रु. १,५००. करायची असल्यास ‘हो’ कळवा, उद्या संध्याकाळपर्यंत मिळेल.” माफी नको, कारणं नकोत. आणि ‘हो’ यायच्या आत काम करून ठेवू नका. झालेल्या कामाचे पैसे मागणं फार अवघड जातं.

पैसे ५० टक्के आगाऊ, ३० टक्के मान्यतेवेळी, २० टक्के अंतिम फाइल देण्याआधी. तोवर वॉटरमार्क असलेली, कमी रिझोल्यूशनची जेपीजीच जाईल. छपाई उरकली की ग्राहकाची घाई संपते, हे लक्षात ठेवा.

आता ओपन फाइल, म्हणजे ज्यात कोणालाही बदल करता येतात अशी मूळ फाइल. ‘प्रेसवाला कोरलची (कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरची) फाइल मागतोय’ हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल. प्रेसला बहुतेक वेळा सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीतली, ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठी कडेला सोडलेला जादा भाग) ठेवलेली आणि अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्ट लागू नये म्हणून आकारांत बदललेली, पीडीएफ पुरते. कर्व्ह न करता दिलं आणि प्रेसच्या संगणकावर तुमचा श्रीलिपीचा फॉन्ट नसला, तर मराठी मजकुराचा विचका होतो आणि दोष तुमच्यावर येतो. ओपन फाइल दिली, की पुढच्या दिवाळीची जाहिरात फक्त तारीख बदलून निघते. म्हणून तिची किंमत कोटेशनमध्ये स्वतंत्र लावा. हक्कही लेखीच द्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क हस्तांतरणाला सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. कायमचा लोगो हवा असलेल्या ग्राहकाच्याही हे हिताचं आहे, त्याला तसं समजावून सांगा.

‘पुढे भरपूर काम देऊ’ म्हणणाऱ्याला सवलत तिसऱ्या बिलात द्या, पहिल्या नाही. मंडळाचं किंवा नात्यातलं काम मनापासून फुकट करायचं असेल, तर जरूर करा. फक्त कोटेशनवर पूर्ण रक्कम लिहून खाली १०० टक्के सूट दाखवा, म्हणजे पुढच्या वेळी दर शून्यापासून सुरू होत नाही.

थकबाकीसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती मोफत आहे आणि काम घेण्याआधी झालेली असावी. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. ही ओळ बिलावर छापा. दिवस मोजले जातात ते ग्राहकाने झालेलं काम स्वीकारल्यापासून, आणि १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम पोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा धरतात. त्यासाठी अंतिम फाइल व्हॉट्सॲपवर मागितली तरी ईमेलनेही पाठवा, तारीख तिथे नीट राहते.