मंगळवारीच संपणारा आठवडा

(सकाळ. डोंबिवलीचा फलाट. लोकल आत शिरते.)

सीएसएमटीची जलद लोकल. लेडीज डब्यात तिला कशीबशी चौथी सीट मिळालीय. कानात इअरबड्स, गाणं चालू.

गाडी वेग घेते. पंख्यांची घरघर, रुळांचा खडखडाट, दारापाशी कुणाचं तरी भांडण. ठाण्याच्या अलीकडे खाडीपूल लागतो आणि सगळा डबा दणाणतो. तिचा अंगठा न बघताच बटणावर जातो. दोन पॉइंट वर. पूल मागे पडतो, अंगठा मात्र आवाज कमी करायला परत जात नाही. शेजारून दुसरी गाडी धडधडत जाते. आणखी एक पॉइंट.

तिला मोठ्याने ऐकायची हौस आहे असं नाही. तिला फक्त गाडीपेक्षा वर ऐकायचंय.

(अंगठ्याचा क्लोजअप.)

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: आवाज 80 डेसिबल असेल, तर आठवड्याला 40 तास ऐका. 90 असेल, तर 4 तास. चाळीसचे थेट चार! कारण दर 3 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि ऐकायची मुभा निम्मी.

समजा, तिच्या गाण्याचा आवाज 90 वर गेलाय. जाताना तास, येताना तास. सोमवारचे दोन, मंगळवारचे दोन. मंगळवारी रात्री ती डोंबिवलीला उतरते तेव्हा कानांचा आठवडा संपलेला असतो. ऑफिसचा नाही.

(कानाच्या आतलं चित्र.)

कानाच्या आत खोलवर, गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, वाटाण्याएवढी नळी. तिच्यात साधारण पंधरा हजार केसपेशी. आवाज आला की त्यांच्यावरचे बारीक तंतू झुकतात आणि मेंदूकडे निरोप जातो. फार गोंगाट झाला की या पेशी थकतात. कानाला दडे बसतात, बारीक शिट्टी वाजत राहते. सकाळपर्यंत सगळं ठीक होतं, म्हणून आपण विसरून जातो. पण मेलेली केसपेशी पुन्हा येत नाही. कोंबडीत येते, माणसात नाही!

ऐकण्यातली घट सुरू होते ती बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच, बारीक आवाजांत. ढोल ऐकू येतो, गाडीचा भोंगा ऐकू येतो, म्हणून शंकाही येत नाही. निसटतात ती ‘स’, ‘श’सारखी बारीक व्यंजनं. फोनवर आई ‘सात’ म्हणाली की ‘हात’? घरचे म्हणतात, हिचं लक्षच नसतं.

नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणारी इअरबड्समधली सोय, ही चैन वाटते. पण लोकलची सलग घरघर नेमकी तेच कापतं, आणि मग गाणं कमी आवाजातही पुरतं. तेवढे पैसे नसतील, तर इअरबडची कानाच्या मापाची रबरी टोपी कानात घट्ट बसवली तरी फरक पडतो. फक्त रूळ किंवा रस्ता ओलांडताना दोन्ही इअरबड्स काढायचे.

(रात्र. खोली. पंखासुद्धा बंद.)

ती अंथरुणावर पडून तेच इअरबड्स घालते. गाणं सकाळी थांबलं होतं तिथूनच सुरू होतं, त्याच आवाजात. ती दचकून एक बड उपटून काढते.

मग अंगठा बटणावर. एक पॉइंट खाली. दोन. तीन. चार. पाच.