पहिला गोल खाल्लेला क्लब

नमस्कार श्रोतेहो. स्पॅनिश फुटबॉल म्हटलं की आपली गाडी माद्रिद आणि बार्सिलोनाच्या पुढे जात नाही. आज थेट उत्तरेला, बास्क प्रांतातल्या इरूनला जाऊ. मध्ये बिदासोआ नदी, पलीकडे फ्रान्स. दोन्ही देशांच्या रेल्वेरुळांची रुंदी वेगळी, म्हणून सीमेवर माल उतरवायचा, कस्टमची तपासणी करायची, पुन्हा चढवायचा. त्यावरच पोसलेलं हे गाव.

गावात दोन क्लब होते आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नसे. त्यातल्या रेसिंगने १९१३मध्ये स्पेनचा चषकही जिंकला होता. १९१५मध्ये दोघं एक झाले आणि रेआल युनिओन उभा राहिला. पुढे १९१८, १९२४ आणि १९२७ असे तीन चषक इरूनला आले. त्यातले पहिले दोन तर अंतिम सामन्यात माद्रिदला हरवून!

खेळाडू तरी कसले! पात्रिसिओ आराबोलासा यांनी १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कविरुद्ध स्पेनच्या राष्ट्रीय संघाचा पहिलावहिला गोल केला. रेने पेती जन्माने फ्रेंच. १९१७मध्ये माद्रिदकडून चषक जिंकले आणि पुढच्याच वर्षी इरूनकडून त्याच माद्रिदविरुद्ध उतरले. नंतर इंजिनिअर म्हणून त्यांनी धरण बांधायचं कामही केलं.

१९२९मध्ये स्पॅनिश लीग सुरू झाली, तेव्हाच्या दहा संघांत रेआल युनिओन होता. १० फेब्रुवारीला बार्सिलोनात एस्पान्योलच्या पितुस प्रात्सने लीगच्या इतिहासातला पहिला गोल केला, तो इरूनवर. गोलकीपर होते आंतोनिओ एमेरी. आडनाव ओळखीचं वाटलं ना? इंग्लंडमधल्या ॲस्टन व्हिला क्लबचे प्रशिक्षक उनाई एमेरी हे त्यांचेच नातू. उनाईंचे वडीलही गोलकीपर. एमेरी कुटुंबाने २०२१मध्ये हा क्लब विकतच घेतला. गुंतवणूक म्हणून पाहिलं तर हा व्यवहार मला फारसा शहाणपणाचा वाटत नाही, पण आजोबांच्या क्लबचा हिशोब कोण वहीत मांडतो?

एवढं असून क्लब घसरला कसा? १९२६मध्ये स्पेनमध्ये खेळाडूंना पगार देणं अधिकृत झालं. मोठ्या शहरांकडे प्रेक्षक आणि पैसा होता, इरूनकडे गुणी पोरं होती. ती पोरं निघून जाऊ लागली. लुईस रेगेइरो १९३१मध्ये माद्रिदला गेले, १९३२मध्ये इरून पहिल्या श्रेणीतून खाली आला. १९३६च्या यादवीत तर गावच जळालं. क्लब पुन्हा पहिल्या श्रेणीत कधीच पोहोचला नाही.

पण नोव्हेंबर २००८ची एक रात्र सांगायलाच हवी. चषकाचा सामना, समोर रेआल माद्रिद. इरून तेव्हा तिसऱ्या श्रेणीत. घरच्या मैदानावर त्यांनी ३-२ अशी बाजी मारली होती. परतीचा सामना माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर. तिथे राउलने तीन गोल ठोकले, माद्रिद ४-२ पुढे, एकूण गोलसंख्येतही वरचढ. आता आटोपलंच, असं वाटत असताना अगदी शेवटच्या क्षणी एनेको रोमोने चेंडू जाळ्यात मारला. ४-३. दोन्ही सामने मिळून ६-६, आणि परक्या मैदानावरच्या जास्त गोलांमुळे माद्रिद बाहेर! त्याच मोसमाच्या अखेरीस इरूनने दुसऱ्या श्रेणीत धडकही मारली. तिथे टिकले मात्र एकच मोसम.