नळीवरचं नाव आणि काडतुसाचं माप

मंडळी, एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. ‘जुनं अडतीसचं रिव्हॉल्व्हर मिळालंय, काडतूस कोणतं घालू?’ मी विचारतो, कुठलं अडतीस? समोरचा गोंधळतो आणि त्यात त्याची चूक नाही. अडतीस हे आडनावासारखं आहे. पाटील आडनावाचा प्रत्येक जण गावचा कारभार बघत नाही.

अडतीस म्हणजे .38 इंच. पण .38 स्पेशल या काडतुसाची गोळी मोजून बघा, .357 इंच भरते. मग अडतीस आलं कुठून? जुन्या काडतुसांत गोळी आणि पितळी पुंगळी बाहेरून सारख्याच जाडीची असे. गोळीचा फक्त बुडाचा निमुळता भाग आत जायचा. पुढे अख्खी गोळी पुंगळीत बसवू लागले, तशी ती बारीक झाली. नाव मात्र जुनंच राहिलं. 1935 साली .357 मॅग्नम आलं तेव्हा निदान नावात तरी खरं माप आलं! त्याची पुंगळी मुद्दाम स्पेशलपेक्षा सुमारे 3.4 मिलिमीटर लांब ठेवली, म्हणजे जास्त दाबाचं हे काडतूस स्पेशलच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्यात, पूर्ण शिरूच नये. उलट, मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्पेशल खुशाल चालतं. फक्त चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात, काजळीचं कडं धरतं. ते घासून काढलं नाही, तर नंतर मॅग्नमच्या पुंगळ्या अडकतात.

आता तिसरं अडतीस, .38 एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन). हे स्पेशलपेक्षा आखूड आणि किंचित जाड. दुसऱ्या महायुद्धातली बरीच ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्व्हरं याच काडतुसाची होती. युद्धानंतर त्यांतल्या अनेकांची चेंबरं कोरून लांब केली आणि ती स्पेशलची म्हणून विकली. पण मागचा भाग मूळचाच रुंद राहिला, त्यामुळे स्पेशलची पुंगळी तिथे फुगते, कधी फाटते. म्हणून नळीवर काय लिहिलंय यावर जाऊ नका. वापरलेली पुंगळी हाती आली तर ती नीट बघा, आणि चेंबर जाणकार बंदूक-कारागिराकडून मोजून घ्या.

कोल्ट कंपनीच्या 1873 च्या रिव्हॉल्व्हरचं दुखणं वेगळं. आजचं .45 कोल्ट त्यात अगदी बिनबोभाट बसतं. पण सुरुवातीची ही रिव्हॉल्व्हरं जुन्या, कमी दाबाच्या काळ्या दारूसाठी घडवलेली. धूररहित दारूची हमी कंपनीने 1900 च्या सुमारास दिली. त्याआधीच्या लोखंडाची परीक्षा घ्यायची हौस मला तरी नाही. काही संग्राहकांना असते. त्यांच्या शेजारच्या जागेवर मी नेमबाजीला उभा राहत नाही.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते वेब्ली मार्क सहाचं. 1915 चं हे दणकट रिव्हॉल्व्हर मूळ .455 चं. पुढे .455 मिळेना आणि .45 एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस मुबलक, म्हणून सिलिंडरची मागची बाजू तासून एसीपी, काडतुसं धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या क्लिपसकट, बसेल अशी सोय केली. बसलं खरं, पण एसीपीचा दाब वेब्लीला झेपणाऱ्या दाबापेक्षा बराच जास्त. आणि तासलेलं पोलाद परत येत नाही, त्यामुळे संग्रहातलं मोलही गेलं. माझ्याकडे असंच एक आहे. .455 त्यात ढिलं पडतं, एसीपी चपखल बसतं, आणि नेमकं तेच घालायचं नाही. गेली कित्येक वर्षं ते रिकामंच कपाटात आहे.